गुऱ्हाळातलं स्मरणचित्र

कोल्हापुरात फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करणाऱ्याला सरसकट ‘आर्टिस्ट’ म्हणतात. ‘आर्टिस्ट जेवायला गेलीय, बसा जरा,’ असं मालक गिऱ्हाइकाला सांगतात, ती आर्टिस्ट मी. दिवसभराचं काम असं: व्हॉट्सअॅपवर आलेला कुणाचा तरी फोटो घ्यायचा, मागची भिंत कापून टाकायची, चेहरा उजळायचा, पाठीमागून किरणं सोडायची, वर नेत्यांची गोल तोंडं आणि खाली शुभेच्छुकांची रांग. दहा बाय पंधराच्या बॅनरवर कधीकधी चाळीस-चाळीस डोकी असतात. कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं, यावरून रात्री अकराला फोन येतात. फुटबॉलचा हंगाम आला की तालमींच्या संघांचे बॅनर, मग गणपती, मग दहावी-बारावीचे निकाल, आणि वर्षभर वाढदिवस. भावी नगरसेवक तर आमच्याकडे इतके आहेत की सगळे निवडून आले तर महापालिकेची इमारत पुरायची नाही.

या कामाची मला लाज नाही. पगार वेळेवर होतो, कोरल आणि फोटोशॉप बोटांत बसलंय. पण मला व्हायचं होतं चित्रकार. कॅनव्हासवरची नव्हे, स्क्रीनवरची: पुस्तकांची मुखपृष्ठं, मुलांच्या गोष्टींची चित्रं, जमलं तर एखाद्या गेमसाठी दृश्यं. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. पुढे आर्टस्कूलला जायचं राहिलं, घरची परिस्थिती तशी होती. नोकरी लागल्यावर पहिल्या पैशांतून बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट घेतला. हात टेबलावर, नजर समोरच्या लॅपटॉपवर. सुरुवातीला सरळ रेघही वाकडी जायची, पण ती सवय लागली. क्रिता हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यामुळे तिथे खर्च नव्हता. रात्री जेवण झालं की बसायची. दोनेक वर्षं हे छान चाललं.

मग ते आटत गेलं. एका दिवसात काही झालं नाही, म्हणून नेमकं बोट ठेवता येत नाही. पण कारणं मला आता बऱ्यापैकी दिसतात.

पहिलं कारण साधं, शरीराचं. जे डोळे दिवसभर एका पडद्याकडे बघून येतात, त्यांना रात्री दुसऱ्या पडद्यासमोर बसवणं फार दिवस निभत नाही. खांदा दुखायचा. दुकानातला माउस आणि घरचं पेन, दोन्हींचा भार उजव्याच हातावर.

दुसरं कारण म्हणजे मी काढत होते काय? इंटरनेटवर आवडलेल्या चित्रांसारखी चित्रं. पांढऱ्या केसांची मुलगी, खांद्यावर पक्षी, मागे धुकं. बर्फाच्छादित डोंगर, जे मी कधी पाहिलेले नाहीत. मोठी तलवार. ती चित्रं वाईट नव्हती. त्यांना लाइक्सही मिळायचे. पण चित्र पूर्ण होत आलं की त्यात बघण्यासारखं माझ्यासाठी काही उरायचं नाही, कारण ते मी आधीच दुसऱ्या कुणाच्या तरी चित्रात बघितलेलं असायचं.

तिसरं कारण 2022 साली आलं. एप्रिल ते ऑगस्ट एवढ्या काळात दाल-ई 2, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्युजन हे चित्रं बनवणारे एआय पाठोपाठ लोकांसमोर आले. पांढऱ्या केसांची मुलगी, खांद्यावर पक्षी, मागे धुकं हे आता वाक्य टाइप करून अर्ध्या मिनिटात मिळत होतं, आणि माझ्यापेक्षा सफाईदार मिळत होतं. दुकानातही वर्षभरात गिऱ्हाईक मोबाइलवर असली चित्रं घेऊन यायला लागलं. ‘चित्र तयार हाय, फक्त नाव टाका.’ घोड्यावर बसलेले महाराज, घोड्याला पाय पाच. मी पाचवा पाय पुसून द्यायची. गिऱ्हाइकाला तो दिसलाच नव्हता, हे मला घोड्यापेक्षा जास्त लागलं.

या सगळ्याचा परिणाम असा की मी रात्री लॅपटॉप उघडायची, नवीन फाइल घ्यायची, ए-फोर, 300 डीपीआय, म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल. आणि त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत बसायची. मग ब्रश शोधायची. ब्रशचे फुकट संच इंटरनेटवर रग्गड आहेत: झाडांचे, ढगांचे, केसांचे, तैलरंगासारखे दिसणारे. ते उतरवून घ्यायचे, एकेक रेघ मारून बघायची, बारा वाजायचे. नंतर तेही बंद झालं. पेन ड्रॉवरमध्ये गेलं.

हुरूप परत आणण्याचे उपाय सांगणारे व्हिडिओ मी भरपूर बघितले. ऑक्टोबरात रोज एक शाईचं चित्र काढायची टूम असते, ती धरली आणि पहिल्याच आठवड्यात सोडली. रोज काढण्याचा नेम माझ्यासारख्या नोकरदार बाईला शिक्षाच वाटतो. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी दोन चित्रांचं कर्ज. एक ऑनलाइन कोर्सही घेतला. शिकवणारा माणूस चांगला होता, पण मला शिकायची भूक नव्हती. जेवणाची भूक नसताना पाककृती वाचून काय होणार?

आमच्या मालकांचे वडील दुकानात अधूनमधून येऊन बसतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. फ्लेक्स यायच्या आधी ते बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, भिंतीवरच्या जाहिराती. पत्र्यावर प्रायमर, सुतळीला खडू लावून झटका मारून काढलेली सरळ रेघ, मग इनॅमल रंगात चपट्या ब्रशनं अक्षर. पोरानं फ्लेक्सचं मशीन आणलं तेव्हा त्यांनी निमूटपणे ब्रश गुंडाळून ठेवले. तक्रार कधी ऐकली नाही. उलट मशीनमधून बॅनर निघताना ते खुर्ची ओढून बघत बसतात.

एका दुपारी काम नव्हतं. त्यांनी विचारलं, ‘‘काय गं, सोताचं काय काढत न्हाईस व्हय आता? आधी दावायचीस की मोबाइलवर.’’

मी म्हटलं, ‘‘मूडच लागत नाही काका.’’

‘‘मूड?’’ त्यांनी चष्मा काढला. ‘‘आमच्यात बोर्ड द्यायचा वायदा असायचा. पण खरं सांगू, तुझ्या त्या चित्रांत मला कधी कळायचं न्हाई, ही बाई कुठं बसलीय. मागं ढग, खाली ढग. बसायला काय?’’

मी हसले. घरी जाताना बसमध्ये ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. त्यांनी दृश्यरचनेबद्दल काही म्हटलं नव्हतं, त्यांना खरंच कळत नव्हतं की ती बाई कशावर बसली आहे. आणि मलाही माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या सुट्टीला मी राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात गेले. गावात राहून गावातली संग्रहालयं न बघणं हा आपला सगळ्यांचाच गुण. मांडरे सिनेमातले नट म्हणून सगळ्यांना माहीत, आणि त्यांची पावडर शेडिंगची निसर्गचित्रं आहेत हेही ऐकून होते. समोर उभं राहून बघणं वेगळंच होतं. त्यात रंगाची कोरडी पूड कागदावर घासून छटा उभ्या केलेल्या असतात. रेघ अशी जवळजवळ नाहीच. एक कडा दगडासारखी कठीण, तिच्याच शेजारची हवेत विरून गेलेली. उजेड वरून लावलेला नाही, तो कागदाचाच आहे. आजूबाजूला काळोख घासल्यामुळे तो पुढे आलेला.

मी तिथे बराच वेळ एकच गोष्ट बघत होते. माझ्याकडे क्रितात याच कामासाठी एअरब्रश आहे, मऊ, हवा तेवढा मोठा होणारा. मी तो कसा वापरायची? चित्र पूर्ण झालं की वरून पांढरा फवारा. झालं धुकं. मांडऱ्यांच्या चित्रात वरून फवारलेलं काहीच नव्हतं. धुकं हवं असेल तर धुक्यामागचं झाड तेवढं कमी काळं केलेलं.

कोल्हापूरच्या चित्रकारांबद्दल मग थोडं वाचलं. आबालाल रहिमान मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि परत आले, कोटीतीर्थाच्या परिसरात राहिले. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ हे ते 1931 मध्ये निधन होईपर्यंत रंगवत राहिले. त्यांना विषयाचा तुटवडा पडला नाही. मी बर्फाचे डोंगर शोधत होते आणि घरापासून रिक्षाच्या अंतरावर रंकाळा होता. पण रंकाळा नको वाटला, तो फार जणांनी काढलाय. मला असं काहीतरी हवं होतं जे बघताना मला प्रश्न पडतील.

ते सुचायला विधानसभेची निवडणूक कारणीभूत झाली. 2024 च्या ऑक्टोबरात आचारसंहिता लागली आणि शहरभरचे वाढदिवसाचे बॅनर रातोरात उतरले. आम्हाला चार दिवस उसंत. मग प्रचाराचं काम सुरू झालं, प्रत्येक छपाईवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव टाकायची काळजी, परवानग्यांच्या झेरॉक्स. 23 नोव्हेंबरला निकाल लागला, आणि पुढचे काही दिवस अभिनंदनाच्या बॅनरांत झोपही धड मिळाली नाही. ते ओसरल्यावर मालकांनी सगळ्यांना सुट्टी दिली. मी मामाच्या गावाला गेले, पन्हाळ्याच्या बाजूला. डिसेंबर लागला होता आणि गुऱ्हाळ सुरू होतं.

लहानपणी काकवी खायला आणि गरम गुळाचा गोळा चाखायला तिथे जायचो. या वेळी टॅबलेट नेला नव्हता. लॅपटॉपशिवाय त्याचा उपयोग नाही, आणि गुऱ्हाळात लॅपटॉप उघडणं म्हणजे त्याला मळी पाजणं. मामाच्या पोराची शाळेची वही होती, एका रेघेची, आणि निळं बॉलपेन. तेवढं घेऊन पिळलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगावर बसले.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चरकात ऊस पिळून रस काढतात. तो रस भल्या मोठ्या उथळ कढईत जातो, ती काहिल. काहिलीखाली जमिनीत चुलवाण, म्हणजे मोठी चूल, आणि त्यात वाळलेली चिपाडं सारणारा एक माणूस सतत बसलेला. ताजा रस अजिबात सोनेरी नसतो. राखाडी-हिरवट असतो, पावसातल्या ओढ्याच्या पाण्यासारखा गढूळ. तापायला लागला की मळी वर येते, ती काढून टाकतात. रस निवळावा म्हणून रानभेंडीचा चिकट रस घालतात. मग उकळी, आणि वाफ. पत्र्याखाली एवढी वाफ साठते की पलीकडचा माणूस नुसता हालचालीवरून ओळखू यायचा. रंग हळूहळू पिवळा होतो, नंतर नारिंगी, लालसर. फेस वर येऊ लागला की तेलाचे चार थेंब टाकतात, तो खाली बसतो. शेवटी गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो, आणि ती मनासारखी झाली की काहिल उचलून पाक वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओततात. तिथे घोटून, निवू देऊन, साच्यात भरून रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. एवढ्या सगळ्याला मिळून एक आधण. एका आधणाला दोन-तीन तास सहज जातात.

मला काढता काहीच येत नव्हतं. माणसं थांबत नाहीत, वाफ थांबत नाही. वहीत नुसत्या खुणा: इथे अंधार, इथे पत्र्याच्या फटीतून उजेड, जाळ घालणाऱ्याचा गुडघा लाल, पाठ काळी. बॉलपेनानं वाफ काढता येत नाही, हे तर शाळेतल्या पोरालाही कळेल. पण खोडायची सोय नाही आणि मागे घ्यायचं बटण नाही, म्हणून मी रेघ मारण्याआधी बघत होते. दुकानात आणि घरी माझा डावा हात कायम कंट्रोल-झेडवर असतो. रेघ मारायची, नको वाटली की मागे, पुन्हा मारायची, पुन्हा मागे. बघणं त्या मागे-पुढेमध्ये कधी संपलं होतं मला समजलंच नव्हतं.

रात्री मामाच्या घरी झोपताना आठवलं की याला आम्ही शाळेत स्मरणचित्र म्हणायचो. ग्रेड परीक्षेला विषय यायचे, बाजार, बसथांबा, पतंग उडवणारी मुलं. आम्ही सगळे पाठ केलेली माणसं काढायचो, एक पाठमोरा, एक बसलेला, एक डोक्यावर टोपली घेतलेला. सर म्हणायचे बाजारात जाऊन या. कोण जातंय! मला ए ग्रेड मिळाली होती, बाजारात न जाता.

कोल्हापूरला परतल्यावर ड्रॉवरमधून पेन काढलं. पुढचं जरा तांत्रिक आहे, पण ज्यांचं पेन असंच ड्रॉवरमध्ये आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आधी हत्याराची डागडुजी केली. पेनची निब झिजून तिरकी झाली होती, ती बदलली. टॅबलेटचा आकार आणि स्क्रीनचा आकार यांचं प्रमाण जुळलेलं नव्हतं, त्यामुळे मी गोल काढला की स्क्रीनवर तो लंबगोल पडायचा आणि हात त्याची भरपाई करत राहायचा. ड्रायव्हरमध्ये जाऊन प्रमाण सारखं केलं, आणि टॅबलेटचा वापरात येणारा भाग लहान केला, म्हणजे खांद्यावर ताण कमी. क्रिताच्या सेटिंगमध्ये पेनच्या दाबाचा आलेख असतो. तो असा वाकवला की हलक्या दाबाला जास्त जागा मिळावी. माझा हात मुळात हलका आहे, आणि इतकी वर्षं मी दाबून दाबून रेघा काढत होते. रेघ स्थिर करणारी सोय बंद करून टाकली. ती रेघ गुळगुळीत करते, पण हातामागून येते, आणि मला माझाच हात उशिरा पोचतोय असं वाटायचं.

वेळही बदलली. रात्री नाही, सकाळी. दुकान दहाला उघडतं. त्याआधीचा जेमतेम पाऊण तास, डोळे ताजे असताना. आणि अट अशी की रविवारी गुऱ्हाळावर काय दिसलं तेच काढायचं, वहीतल्या खुणांवरून, इंटरनेट बंद ठेवून. आठवत नसेल तर जागा रिकामी सोडायची आणि पुढच्या रविवारी जाऊन बघून यायचं. मामाचं गाव काही लांब नाही.

पहिले काही दिवस फक्त तीन छटा वापरल्या: काळी, मधली, उजळ. रंग नाही. एकच ब्रश, जरा खरखरीत. लेयर, म्हणजे चित्रात एकावर एक ठेवायचे पारदर्शक थर, तोही एकच. माझा लॅपटॉप जुना आहे, मोठ्या फाइलला पंधरा-वीस लेयर झाले की तो धापा टाकतो, म्हणजे ही अट निम्मी नाइलाजाचीच होती. पण तिनं एक केलं. लेयर असले की मी माणूस एका लेयरवर, पार्श्वभूमी दुसऱ्यावर, धुकं सगळ्यांत वर, असं बॅनरसारखंच चित्र रचायची. बॅनरमध्ये माणसाचा मागच्या किरणांशी काही संबंध नसतो, तो कापून आणून ठेवलेला असतो. एकाच लेयरवर हे जमत नाही. जाळ घालणाऱ्याची पाठ काढायची तर तिच्याभोवतीचा अंधार त्याच झटक्यात सांभाळावा लागतो.

वाफेनं फार सतावलं. वरून पांढरं फवारायचं नाही एवढं ठरलं होतं. मग ती येणार कशी? मांडऱ्यांची चित्रं आठवून उलटं सुरू केलं. आधी सगळं मधल्या राखाडीत बुडवलं. मग जवळच्या गोष्टींना पूर्ण काळोख दिला, काहिलीचा काठ, चुलवाणाचं तोंड. वाफेपलीकडच्या माणसाला काळं दिलंच नाही, राखाडीपेक्षा एखादीच छटा गडद. त्याच्या कडा तीन ठिकाणी मोडल्या, एकाच ठिकाणी, खांद्यावर, पत्र्याच्या फटीतला उजेड पडतो तिथे कडक ठेवली. आणि वाफ दिसली. कुठेही रंगवलेली नव्हती. त्या सकाळी दुकानात उशिरा पोचले.

क्रितात एम हे अक्षर दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. ही सोय मी पूर्वी क्वचित वापरायची. आता दर थोड्या वेळानं दाबते. चित्र उलटलं की काहिलीचा लंबगोल एका बाजूला उतरलेला लगेच कळतो. काहिलीसारखा मोठा, उथळ, कोनातून दिसणारा गोल काढणं किती अवघड आहे हे काढल्याशिवाय समजायचं नाही.

रंग नंतर आला. तिथे मला वाफेइतका त्रास झाला नाही, कारण एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती: रस सोनेरी नसतो. एकदा गंमत म्हणून मी एआयला ‘महाराष्ट्रातलं गुऱ्हाळ’ असं सांगून चित्र करायला लावलं. आलं ते देखणं होतं. फेटेवाला म्हातारा, मातीच्या हंड्या, खाली शेकोटी, हंडीत चकाकणारा मध. काहिल नव्हती, चुलवाण नव्हतं, चिपाडही नाही. पूर्वी असं चित्र बघून मी दोन दिवस गप्प झाले असते. या वेळी दुकानातल्या सगळ्यांना दाखवलं आणि आम्ही त्यातल्या वस्तू मोजत बसलो. माझं यंत्राशी भांडण मिटलं असं नाही. ते माझं बॅनरचं काम आज ना उद्या खाणार आहे, हे मला दिसतं. पण या एका विषयात त्याला ठाऊक नसलेलं मला थोडं ठाऊक होतं, आणि सकाळी उठायला मला तेवढं पुरलं.

हे सरळ रेषेत झालं असं समजू नका. लग्नसराईत, मंडळांच्या कामात मध्येच खंड पडला, आणि तेव्हा ते जुनं जड वाटणं परत आलं. फरक एवढाच की आता फाइल कोरी नसायची. एक क्लृप्ती आपोआप सापडली: सकाळी काम थांबवून उठताना चित्रातला एखादा सोपा तुकडा मुद्दाम अर्धा सोडायचा. चिपाडाचा ढीग, पत्र्याच्या पन्हाळी. दुसऱ्या दिवशी बसलं की डोकं न लावता तो भरायला घ्यायचा, तोवर हात गरम होतो. चित्रं कुठे टाकायची नाहीत असंही ठरवलं होतं. ते पाळणं सगळ्यांत सोपं गेलं, याचं मलाच नवल वाटलं.

एक चित्र पूर्ण झाल्यावर आमच्याच मशीनवर काढून बघितलं, एका बॅनरच्या रोलचा उरलेला तुकडा होता. स्क्रीनवर जो तपकिरी अंधार दिसत होता तो छापताना सरळ काळा झाला. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, मशीन चार शायांनी. गडद छटांमधला बारीक फरक शाईत बुडतो. रोज दुसऱ्यांच्या फाइली या कारणासाठी मी दुरुस्त करते, त्यामुळे काय करायचं ते माहीत होतं: अंधार थोडा उघडला, चुलवाणाजवळच्या काळ्यात लाल वाढवला, पुन्हा काढला. काका खुर्ची ओढून बसले होते. तुकडा बाहेर आल्यावर त्यांनी तो उजेडाकडे धरला. ‘‘हां. हा बसलाय,’’ जाळ घालणाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले. ‘‘पाटावर बसलाय का दगडावर?’’

‘‘दगडावर, वर पोतं.’’

‘‘मग पोत्याला घडी दे.’’

तो तुकडा घेऊन रविवारी गुऱ्हाळावर गेले. मामा खूश, त्यानं लगेच भिंतीला खिळा ठोकायची तयारी केली. गुळव्या मात्र काहिलीवरून नजर न काढता म्हणाला, ‘‘दाव हिकडं.’’ हात धोतराला पुसून त्यानं फ्लेक्स धरला, लांब नेला, जवळ आणला.

‘‘हे कुठलं आधण म्हणायचं पोरी?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘पाक तू लाल दावलायस. म्हंजे उतरायला आलाय. आन उतरायच्या वक्ताला एवढी वाफ अस्तीय व्हय? वाफ आदी. पाणी हाय तवर वाफ. पाक झाला की निस्ता बुडबुडा, जाड, सावकाश फुटतोय, बघ.’’ त्यानं काहिलीकडे बोट केलं. खरंच, समोरचं आधण उतरायला आलं होतं. वाफ विरळ झाली होती, पलीकडचा माणूस चेहऱ्यासकट स्वच्छ दिसत होता, आणि नारिंगी फेसावर मोठाले बुडबुडे एकेक करून बसत होते.

मी वाफ एका वेळची बघितली होती आणि रंग दुसऱ्या वेळचा, दोन्ही खरे, पण एकत्र कधीच नसणारे. गुळव्याला ते एका नजरेत दिसलं.

‘‘मग मी पहिल्यापासून बसते आज,’’ मी म्हटलं. ‘‘नवीन रस कधी ओतताय?’’

‘‘ह्ये उतरू दे, की लगीच. चहा घेऊन ये तवर.’’

आता एका आधणाची चित्रं करते आहे, एकाच जागेवरून. गढूळ रस, मळी, भर वाफ, पिवळा, नारिंगी, फेस, गोळी, ओतणं. मळीचं झालंय. भर वाफेचं जुन्या चित्रातून निघेल, फक्त रंग खाली आणून हिरवट करायचाय. बुडबुड्यांचं अवघड दिसतंय, कारण त्यातला प्रत्येक वेगळ्या वेळी फुटतो आणि मी अजून त्यांना पाठ केलेल्या गोलांसारखंच काढते आहे. मार्चनंतर चरक बंद होईल, त्याआधी ओतण्याच्या वेळची माणसं कुठे उभी राहतात तेवढं वहीत घ्यायचं आहे. मामाच्या पोराची वही संपली, या वेळी बिनरेघांची घेतली.